लोडाय प्लेसचे बिऱ्हाड

१९१६ साली हॉलिवूडच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या तळघरात काही तरुण मुली जमत आणि नाटके वाचीत. दिवसा स्टुडिओच्या फाटकापाशी काम मागत उभे राहायचे, मिळाले तर करायचे, न मिळाले तर पुढच्या फाटकाकडे वळायचे, आणि ज्या विद्येच्या भरवशावर आपण घर सोडून निघालो ती निदान हातची जाऊ नये म्हणून उरल्या वेळात एकमेकींपुढे संवाद म्हणायचे, अशी त्यांची दिनचर्या होती. त्या ग्रंथालयाच्या ग्रंथपाल एलिनॉर जोन्स या बाई होत्या. या मुलींना नाटक वाचायला तळघर मिळाले असले, तरी वाचन आटोपल्यावर परत जायला त्यांना धड घर नाही, कोणी हलक्या हॉटेलात तर कोणी परक्याच्या घरातील भाड्याच्या खोलीत दिवस कंठते आहे, ही गोष्ट बाईंच्या लक्षात आली आणि तिने त्यांच्या मनात घर केले. त्यांनी गावातील व्यापाऱ्यांकडे व स्टुडिओवाल्यांकडे शब्द टाकला. आणि त्या शब्दातून जी संस्था निघाली ती पुढे जवळजवळ साठ वर्षे चालली. तिचे नाव हॉलिवूड स्टुडिओ क्लब. नावात क्लब असला तरी आपल्या नाटकमंडळ्यांच्या भाषेत बोलायचे तर ते एक बिऱ्हाड होते. फरक इतकाच, की मंडळीचे बिऱ्हाड ज्यांना काम मिळाले आहे त्यांच्यासाठी असे, आणि हे बिऱ्हाड ज्यांना अद्याप काम मिळावयाचे होते त्यांच्यासाठी होते.

हॉलिवूड म्हणजे त्या वेळी आज आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते ते नगर नव्हते. हार्वी विल्कॉक्स या गृहस्थाने १८८७ साली आपल्या जमिनीचे तुकडे पाडून ती वसाहत आखली, तेव्हा लिंबासंत्र्यांच्या बागा, रुंद रस्ते आणि सदाचारी, देवभीरू कुटुंबे एवढीच त्या गावाची कल्पना होती. तेथे मद्यविक्रीलाही मनाई होती. १९१० साली पाण्याच्या गरजेपायी हे गाव लॉस एंजेलिस शहरात सामील झाले, १९११ साली नेस्टर कंपनीने एका बंद पडलेल्या खानावळीच्या जागेत तेथला पहिला स्टुडिओ थाटला, आणि १९१३ च्या अखेरीस सेसिल डिमिल हा दिग्दर्शक न्यूयॉर्कहून येऊन एका गोठ्यात चित्रपट काढू लागला. एवढ्या थोड्या अवधीत आपल्या शांत आळ्यांतून रंग फासलेली, भलत्यासलत्या वेषांची माणसे हिंडू लागलेली पाहून मूळच्या रहिवाशांना ती आपल्या गावावर आलेली धाडच वाटली. ‘मूव्हीज’ हा शब्द तेथले लोक आरंभी चित्रांना लावीत नसत, ती काढणाऱ्या माणसांना लावीत. खोल्या भाड्याने देणाऱ्या कित्येक घरमालकिणींनी चित्रपटवाल्यांना जागा मिळणार नाही, अशा पाट्या दारावर लावल्या. आणि नटांना व कुत्र्यांना एकाच ओळीत मज्जाव करणाऱ्या पाट्यांची आठवण तर त्या पिढीतील माणसांनी वारंवार सांगून ठेवली आहे.

पुरुष नटाला ही पाटी अपमानाची होती. एकट्या मुलीला ती अपमानाहून अधिक काही होती, कारण जेथे सभ्य घराचे दार मिटते, तेथे जे दार उघडे राहते त्याच्या आत काय आहे, हे तिला आधी कळण्याची सोय नसते. आयोवा, कॅन्सस, टेक्सस अशा दूरदूरच्या प्रांतांतून या मुली आगगाडीने येत. गावच्या थिएटरात मेरी पिकफर्डची चित्रे पाहिलेली, शाळेच्या नाटकात काम करून चार लोकांची वाहवा मिळवलेली, एवढेच बहुतेकींचे भांडवल असे. काम मिळे ते ‘एक्स्ट्रा’चे, म्हणजे गर्दीतल्या माणसाचे, आणि तेही रोजंदारीवर. त्यातही एक खोच होती. मेजवानीच्या किंवा नृत्याच्या प्रसंगात उभे राहायचे तर उंची पोशाख ज्याचा त्याने आणावयाचा, आणि ज्याच्याजवळ तो असेल त्याला रोज अधिक मिळावयाचा. म्हणजे पोशाख असल्याशिवाय चांगले काम नाही आणि चांगले काम मिळाल्याशिवाय पोशाख नाही, असा तो फेरा होता. पुढे या संस्थेने मुलींसाठी शिवणयंत्रे ठेवली, त्यांच्याकडे मी याच दृष्टीने पाहतो. कापडाचा तुकडा आणून रात्रीतून एक झगा शिवता येणे, याचा अर्थ त्या गावात दुसऱ्या दिवशीची मजुरी वाढणे असा होता.

याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते, ते येथे आठवल्याशिवाय राहवत नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना, आणि अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंक्यांना लुगडे नेसावे लागले. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या पडद्यावर आल्या, आणि तो बांध फुटला. मात्र नट कोठे राहावयाचे, हा प्रश्न आपल्याकडे वेगळ्या रीतीने सुटलेला होता. नाटकमंडळीचे बिऱ्हाड, तिची पंगत, तिचा मुदपाकखाना ही वहिवाट फाळक्यांनी जशीच्या तशी चित्रपटात आणली. कंपनी हेच कुटुंब, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके स्वतः रांधीत. हॉलिवूडमध्ये कंपनी होती ती केवळ दिवसाची. संध्याकाळी फाटक लागले की मालकाचा आणि मजुराचा संबंध सुटला. सरस्वतीबाईंनी नाशकात चुलीपाशी बसून जे केले, ते तेथे करावयास एका ग्रंथपाल बाईला आणि तिच्या मागोमाग एका स्त्रीसंस्थेला पुढे यावे लागले.

ही स्त्रीसंस्था म्हणजे यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन. तिच्या आश्रयाने कार्लोस ॲव्हेन्यूवर एक जुने घर भाड्याने घेण्यात आले. त्यात वीस मुलींची सोय होती. पुढे आपल्या करुण व विनोदी भूमिकांनी नाव मिळवलेली झेझू पिट्स ही नटी याच जुन्या घरात राहून गेली. पण वीस जागा त्या गावाला किती दिवस पुरणार? फाटकांपाशी जमणारी गर्दी वर्षागणिक वाढत होती. ती इतकी वाढली, की तिसऱ्या दशकात खुद्द हॉलिवूडच्या व्यापारी मंडळाने, एका कामासाठी लोटलेल्या जनसमुदायाचे छायाचित्र छापून, चित्रपटात शिरण्याच्या आशेने इकडे येऊ नका, अशी जाहीर विनवणी देशभर केली. एका गावाने परगावच्या माणसांना येऊ नका म्हणून सांगण्यासाठी पैसे मोजावेत, असे उदाहरण इतिहासात फारसे सापडणार नाही. आणि मुली येतच राहिल्या.

मोठी इमारत बांधण्याला जी गती आली तिच्यामागे दोन कारणे होती, आणि ती दोन्ही सांगितली पाहिजेत. १९२१ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या एका हॉटेलातील मेजवानीनंतर व्हर्जिनिया रॅपे नावाची तरुण नटी मरण पावली आणि रॉस्को आर्बकल या लोकप्रिय विनोदी नटावर खटला उभा राहिला. त्याची अखेर निर्दोष सुटका झाली, पण त्याचे नाव कायमचे गेले. लगेच १९२२ च्या फेब्रुवारीत विल्यम डेस्मंड टेलर या दिग्दर्शकाचा त्याच्या राहत्या घरी खून झाला, आणि त्याचा उलगडा कधीच झाला नाही. वृत्तपत्रांनी हॉलिवूड म्हणजे पापाचे आगर ठरवले. तेव्हा भयभीत झालेल्या निर्मात्यांनी केंद्रीय मंत्रिमंडळातून विल हेज यांना आणून आपल्या धंद्याचे मुखत्यार नेमले, आणि आपल्या घरातील व्यवस्था चोख आहे हे जगाला दाखवण्याची जरुरी त्यांना प्रथमच भासली. मुलींच्या सुरक्षित निवासासाठी देणगी देणे हा त्या बंदोबस्ताचाच एक भाग होता. फेमस प्लेयर्स–लास्की या कंपनीने १०,००० डॉलर दिले. मेट्रो-गोल्डविन-मेयर, कार्ल लेमले आणि ख्रिस्टी कॉमेडीज यांनी प्रत्येकी ५,००० दिले.

परंतु एवढ्याच कारणाने ती इमारत उभी राहिली असे म्हणणे, ज्या बायकांनी दारोदार फिरून तो निधी जमवला त्यांच्यावर अन्याय करणे होईल. सेसिल डिमिल यांच्या पत्नी कॉन्स्टन्स डिमिल या त्यांत अग्रभागी होत्या, आणि मेरी पिकफर्ड त्यांच्या जोडीला होती. नॉर्मा टालमॅज या नटीने स्वतःच्या मिळकतीतून ५,००० डॉलर दिले, म्हणजे एका मोठ्या कंपनीच्या बरोबरीने. पिकफर्डला तर खोलीचे भाडे म्हणजे काय, हे कोणी सांगावयास नको होते. कॅनडातील टोरांटो शहरात बाप वारल्यावर तिच्या आईने घरात भाडेकरू ठेवले, आणि पुढे ती माउली मुलांना घेऊन फिरत्या नाटककंपन्यांबरोबर गावोगाव हिंडली. स्वस्त खोल्या, रात्रीच्या आगगाड्या आणि कंपनी मोडली की परक्या गावात अडकून पडण्याची धास्ती, यांतच त्या मुलीचे बालपण गेले. अमेरिकेची लाडकी म्हणून जग जिला ओळखत होते, ती या कामात पडली ती आपल्या आईच्या आठवणीने पडली, असे मानावयास मला अडचण वाटत नाही.

इमारतीचा आराखडा ज्युलिया मॉर्गन या वास्तुशिल्पी बाईंनी केला, आणि याहून योग्य निवड होऊ शकली नसती. १८७२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या मॉर्गन यांनी बर्कलीच्या विद्यापीठातून स्थापत्याची पदवी घेतली आणि १८९६ साली त्या पॅरिसला गेल्या. तेथल्या एकोल दे बोझार या विख्यात कलाशाळेत तोवर स्त्रियांना प्रवेशपरीक्षेलाही बसू देत नसत. ती मुभा मिळाल्यावर पहिल्या खेपांना अपयश पदरी घेऊन, पुन्हा परीक्षेला बसून, १८९८ साली त्या वास्तुशिल्पाच्या शाखेत दाखल झालेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. १९०४ साली कॅलिफोर्नियात वास्तुशिल्पाचा परवाना मिळवणारी पहिली स्त्रीही त्याच. वृत्तपत्रसम्राट हर्स्टसाठी सॅन सिमिऑनच्या टेकडीवर त्या जो प्रासाद बांधीत होत्या, तो जगभर गाजला. पण त्याच वर्षांत त्याच हातांनी त्यांनी ठिकठिकाणी नोकरदार मुलींची वसतिगृहे बांधली, त्यांची वार्ता थोड्यांना असते. अशाच एका वसतिगृहाच्या आराखड्यात त्यांनी मुलींना आपल्या पाहुण्यांना जेवू घालता यावे म्हणून लहान लहान खासगी भोजनाच्या खोल्या दाखवल्या होत्या. कमी पगाराच्या मुलींचे इतके लाड कशाला, असा आक्षेप आला, तेव्हा त्यांचा पगार कमी आहे म्हणूनच, एवढेच उत्तर देऊन बाईंनी तो मुद्दा मिटवला, असे सांगतात. लोडाय प्लेसच्या इमारतीत या उत्तराचा अर्थ दगडचुन्यात वाचावयास मिळतो.

१२१५, लोडाय प्लेस. जागा आणि बांधकाम मिळून सुमारे २,५०,००० डॉलर लागले, आणि १९२६ च्या मे महिन्यात घर खुले झाले. तीन मजली, भूमध्यसागरी घाटाची ही वास्तू आहे. मधला भाग आणि दोन बाजूंना जोडून घेतलेले दोन पाख, तळमजल्याला उंच कमानदार खिडक्या, वर लोखंडी कठड्यांचे सज्जे, आणि छपराच्या रुंद पागोळीखाली नक्षीदार तीर. रस्त्याने जाणाऱ्याला ते एखाद्या इटालियन सरदाराचे हवेशीर घर वाटावे. अनाथाश्रमाची किंवा इस्पितळाची कळा त्या दर्शनी भागावर कोठेही नाही. तळमजला सगळा सर्वांचा: बैठकीचे मोठे दालन, भोजनगृह, पुस्तकांची खोली, तालमीच्या खोल्या आणि एक लहानसा रंगमंच. वरच्या दोन मजल्यांवर सुमारे शंभर मुलींच्या राहण्याच्या खोल्या. पुरुषांना तळमजल्याच्या वर पाऊल टाकण्याची परवानगी नव्हती.

रोज दोन वेळचे जेवण मिळे. शिवणयंत्रांखेरीज केस वाळवण्याची यंत्रे होती, कपडे धुण्याची सोय होती, टंकलेखनयंत्रे होती, नाट्यविषयक ग्रंथ होते, आणि उन्हात बसावयास गच्ची होती. ही यादी मी मुद्दाम देतो. तिच्यातील एकेक वस्तू हाती घेऊन पाहिली, तर ज्याने ही तजवीज केली त्याला त्या मुलींचा दिवस तासातासाने ठाऊक होता, हे ध्यानात येते. सकाळी लवकर स्टुडिओत हजर व्हायचे तर केस रात्री धुवून वाळले पाहिजेत. दुपारी काम नसेल तर अर्ज टंकून धाडले पाहिजेत. त्यातून ज्यांना लेखिका व्हायचे होते त्यांची तर सारी भिस्त त्या यंत्रावर. १९२५ च्या डिसेंबरात स्टुडिओवाल्यांनी एक्स्ट्रांच्या भरतीसाठी सेंट्रल कास्टिंग ही मध्यवर्ती कचेरी काढली. तोवर खासगी अडते या मजुरांच्या तुटपुंज्या रोजातून दलाली कापीत, ती बंद झाली. काम हवे असेल त्याने कचेरीला टेलिफोन करावा, नाव सांगावे, आणि उत्तर ऐकावे, अशी नवी रीत पडली. उत्तर बहुधा दोन शब्दांचे असे: काम नाही. मग थोड्या वेळाने पुन्हा टेलिफोन, पुन्हा नाव, पुन्हा तेच दोन शब्द. हॉलिवूडमधील हजारो बिऱ्हाडांत रोज हा प्रकार चाले. पण एकट्या खोलीत ते दोन शब्द ऐकणे निराळे, आणि ज्या जेवणघरात शेजारची मुलगीही तेच ऐकून आली आहे तेथे ते ऐकणे निराळे.

इमारत उघडली त्याच वर्षी एक रशियन मुलगी तेथे राहावयास आली. तिचे नाव अलिसा रोझेनबाउम. पेट्रोग्राडमधील तिच्या बापाचे औषधांचे दुकान क्रांतीत जप्त झाले होते. १९२६ च्या फेब्रुवारीत ती अमेरिकेला पोहोचली, काही महिने शिकागोला नातलगांकडे राहिली, आणि इंग्रजी अडखळत बोलत, चित्रपटकथा लिहिण्याच्या निश्चयाने हॉलिवूडला आली. स्टुडिओच्या फाटकाशी सेसिल डिमिल तिला योगायोगाने भेटला. त्याने तिला आपल्या मोटारीत घेऊन ‘द किंग ऑफ किंग्ज’ या चित्रपटाच्या चित्रणस्थळी नेले, आणि तिला प्रथम गर्दीत उभे राहण्याचे व मग कथांचे मसुदे करण्याचे काम मिळाले. म्हणजे नवऱ्याने फाटक उघडले आणि बायकोने उभारलेल्या घराने खोली दिली, असा हा योग होता. पुढे डिमिलचा स्टुडिओ बंद पडला, मिळेल ती किरकोळ नोकरी करण्याची पाळी तिच्यावर आली, आणि खोलीचे भाडे तुंबू लागले. अशात कोणा देणगीदाराने, संस्थेतील सर्वांत गरजू मुलीला द्यावेत म्हणून, ५० डॉलर संचालिका मार्जोरी विल्यम्स यांच्या हाती ठेवले. त्यांनी ते या रशियन मुलीला दिले. तिने त्या पैशातून भाडे भरले नाही. तिने काळ्या रंगाची उंची अंतर्वस्त्रे विकत घेतली.

ही हकिकत तिच्या चरित्रकारांनी गमतीने सांगितली आहे. मला ती गमतीची वाटत नाही. ज्या देशात साध्या सुताच्या मोज्याची वानवा होती त्या देशातून ती आली होती, आणि गरज कशाला म्हणावे हे ठरवण्याचा हक्क तिने आपल्याकडे ठेवला. महत्त्वाची गोष्ट ही, की या खरेदीनंतरही तिची खोली गेली नाही. १९२९ साली लग्न होईपर्यंत ती त्या घरात राहिली. आयन रँड या नावाने तिने पुढे ज्या प्रचंड कादंबऱ्या लिहिल्या, त्यांत परोपकारावर तिने सतत कठोर शस्त्र धरले. तिची मते मला पटत नाहीत. पण तिच्या पहिल्या लेखनाची वर्षे ज्या छपराखाली गेली ते छप्पर परोपकाराचे होते, हे इतिहासाने नोंदवून ठेवले पाहिजे.

दुसऱ्या पन्नास डॉलरांची गोष्ट याच्या वीस-बावीस वर्षांनंतरची आहे. १९४८ साली कोलंबिया कंपनीच्या पगारावर असलेली एक बावीस वर्षांची मुलगी या घरात राहावयास आली. अनाथालयात आणि परक्यांच्या घरांत वाढलेल्या या मुलीला स्वतःचे म्हणावे असे घर ठाऊक नव्हते. काही महिन्यांतच कंपनीने तिचा करार संपवला. १९४९ च्या मे महिन्यात टॉम केली या छायाचित्रकारापुढे ती विवस्त्र बसली, त्याबद्दल तिला ५० डॉलर मिळाले, आणि ते चित्र एका दिनदर्शिकेसाठी विकले गेले. १९५२ साली ती मुलगी, म्हणजे मेरिलिन मन्रो, प्रसिद्धीच्या पायरीवर उभी असताना ते चित्र कोणाचे हे उघडकीस आले. ती तेव्हा ज्या कंपनीत होती तिचे अधिकारी हबकले. तिने मात्र ते नाकारले नाही. भाडे थकले होते, पैशाची गरज होती, असे तिने सरळ सांगितले. लोकांनी तिला दोष दिला नाही, आणि तिचे नाव त्यामुळे वाढलेच. एका मुलीला तेवढेच पैसे संस्थेने आपण होऊन दिले, दुसरीला ते मिळवावयास संस्थेच्या दाराबाहेर जावे लागले. हा फरक का पडला, संचालिकांना तिची अडचण ठाऊक होती किंवा कसे, तिने ती सांगितली होती का, याचा निवाडा करण्याइतका पुरावा आपल्यापुढे नाही. पण या दोन रकमा शेजारी मांडल्यावर माझे मन दर खेपेस दुसरीपाशी अडते. असे घर उभारूनही जे उरते, ते या रकमेत आहे.

दरम्यान स्टुडिओवाल्यांनी या घराचा आपल्या रीतीने उपयोग करून घेतला. करारबद्ध केलेली नवी मुलगी तेथे ठेवली म्हणजे तिच्यावर नजर राहते, आणि ती शिस्तीच्या वसतिगृहात राहते असे वृत्तपत्रांना सांगता येते. किम नोवाक हिला कोलंबियाने तिची चित्रे झळकू लागल्यावरही तेथेच राहावयास लावले. हाँगकाँगहून आलेली नॅन्सी क्वान ‘द वर्ल्ड ऑफ सुझी वाँग’च्या आधीच्या दिवसांत तेथे राहून अभिनयाचे धडे घेत होती. डोना रीड, एव्हलिन कीज, डॉरोथी मलोन, बार्बरा ईडन, शॅरन टेट ही नावेही त्या घराशी निगडित आहेत. रखवाली आणि आसरा यांच्यामधली रेषा तेथे नेहमीच पुसट होती, आणि ज्या मुलीला एक नको होते तिलाही दुसऱ्यासाठी ते पत्करावे लागे.

परंतु मी जी दहा-वीस नावे सांगू शकतो, ती त्या घराचा इतिहास नव्हेत. साठ वर्षांत सुमारे १०,००० मुली तेथे राहून गेल्या. त्या सगळ्या नटी व्हावयास आल्या नव्हत्या. नर्तकी होत्या, गायिका होत्या, कथालेखिका होत्या, फिल्म कापून जोडणाऱ्या होत्या, वेष आखणाऱ्या होत्या, दिग्दर्शकांच्या लेखनिक होत्या. हॉलिवूडचा कारभार ज्यांच्या बोटांवर चाले, आणि पडद्यावर ज्यांचे नाव येत नसे, अशांचा तो मोठा वर्ग होता. काही जणी दोन वर्षांनी गावी परतल्या, काही लग्न करून गेल्या, काहींनी पेढीत किंवा दुकानात नोकरी धरली. घरातून निघताना कोणीही त्यांना, तुम्ही काय मिळवले, असे विचारले नाही. माझ्या मते या संस्थेचे थोरपण यात आहे. शाळा उत्तीर्णांचा हिशेब ठेवते, कंपनी नफ्याचा ठेवते. या घराने जेवणाचा आणि खोलीचा ठेवला. न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली निघालेला रिहर्सल क्लब हा या घराचा थोरला भाऊबंद. एडना फर्बर व जॉर्ज कॉफमन यांच्या ‘स्टेज डोअर’ या नाटकाला व १९३७ च्या चित्रपटाला त्यानेच विषय पुरवला, आणि त्यामुळे त्याचे नाव अधिक झाले. लोडाय प्लेसला तसे नाटक लाभले नाही.

सहाव्या-सातव्या दशकांत काळ पालटला. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्टुडिओंची चित्रपटगृहांवरील मालकी मोडून काढली, पाठोपाठ दूरचित्रवाणी आली, आणि मुलींना महिनेमहिने पगारावर ठेवून घडवण्याची जुनी पद्धत लयाला गेली. दुसरीकडे एकट्या तरुणीने स्वतंत्र खोली घेऊन राहण्यात गैर काही उरले नाही. ज्या पाट्यांमुळे हे घर निघाले त्या पाट्याच गळून पडल्या. पुरुष तळमजल्यापर्यंतच, हा नियम नव्या मुलींना जाचक वाटू लागला. खोल्या रिकाम्या राहू लागल्या, जमाखर्चात तूट येऊ लागली, आणि आगीपासून संरक्षणाचे नवे नियम आले तेव्हा जुन्या इमारतीत ते फेरफार करण्याइतका पैसा संस्थेपाशी उरला नव्हता. १९७५ साली घर बंद झाले. पुढे केंद्र सरकारच्या जॉब कॉर्प्स या योजनेखाली काम शिकणाऱ्या तरुणांसाठी इमारत वापरण्यात आली. १९८० साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत तिची नोंद झाली, आणि मॉर्गनबाईंच्या कमानी वाचल्या.

ज्या ग्रंथालयाच्या तळघरात हे सर्व सुरू झाले, त्याचे दैव असे थोर नव्हते. त्याची इमारत काळाच्या ओघात बदलली, आणि आयव्हर रस्त्यावरील नंतरची इमारत १९८२ साली कोणी लावलेल्या आगीत पुस्तकांसकट भस्मसात झाली. त्या जागी फ्रँक गेरी या वास्तुशिल्पीने बांधलेले नवे ग्रंथालय १९८६ साली उघडले. त्यासाठी पैसा आला तो सॅम्युअल गोल्डविन या जुन्या निर्मात्याच्या नावाने चालणाऱ्या न्यासाकडून, आणि ग्रंथालयाला नाव दिले आहे ते त्याची पत्नी फ्रान्सिस हॉवर्ड हिचे. १९२५ साली, म्हणजे लोडाय प्लेसवरच्या घरासाठी निधी जमत होता त्या वर्षी, लग्न करून रंगभूमी सोडण्यापूर्वी तीही न्यूयॉर्कच्या नाटकांत कामे करणारी एक तरुण नटी होती.